रांजणवाडी म्हणून सोडलेली गाठ

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी कोणीतरी मोबाईलवर लिहितो, कोणीतरी गडकिल्ल्यांवर लिहितो आणि इस्रोवर तर हमखास एक लेख असतोच. मीसुद्धा यंदा इलेक्ट्रिक गाड्यांवर लिहिणार होतो. अर्धं लिहूनही झालं होतं. पण होस्टेलवर एका मित्राने विचारलं, "तुझ्या आजीच्या डोळ्याला नेमकं झालं तरी काय होतं?" त्याला सांगायला बसलो तर रात्रीचे दोन वाजले. सगळं ऐकून तो म्हणाला, "अरे, माझ्या काकूला पण सारखी रांजणवाडी होते." तेव्हाच ठरवलं की गाड्या पुढच्या वर्षी!

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही. आजीबरोबर दवाखान्याच्या बाकड्यांवर बसून, डॉक्टरांना विचारून आणि नंतर वाचून जे समजलं तेवढंच इथे लिहितो आहे.

आमचं गाव मोहाडी. भंडाऱ्याहून तुमसरकडे निघालं की वाटेत लागतं. चौंडेश्वरीच्या देवळामुळे काहींना माहीत असेल. आजीचं माहेर आमच्याच तालुक्यातलं, आंधळगाव, जिथलं कोशाचं कापड नावाजलेलं आहे. लहानपणी ती कोशाचा धागा काढायला बसायची. "आंधळगावची मी, पण सुईत दोरा पयल्या झटक्यात घालतो," हा तिचा ठरलेला विनोद. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ जवळजवळ नाहीच, त्याचा ‘र’ होतो. त्यामुळे आजीसाठी डोळा म्हणजे ‘डोरा’.

२०२२ च्या रोवणीत तिच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, नाकाकडच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती. "डोऱ्यात कुसर गेला वाट्टे," एवढंच ती म्हणाली. घरात सगळ्यांनी एकमताने निदान केलं, रांजणवाडी! तळहातावर बोट घासून शेकणं झालं, लवंग उगाळून लावणं झालं. यातला शेक हा उपाय काही चुकीचा नाही. खऱ्या रांजणवाडीला डॉक्टरसुद्धा आधी कोमट शेकच सांगतात. आमचं चुकलं ते निदान. का चुकलं हे समजायला पापणीची रचना थोडी पाहावी लागेल.

पापणी म्हणजे डोळ्यावर पडणारा नुसता पडदा, अशी माझीही समजूत होती. प्रत्यक्षात ती वायपर, ऑइल पंप आणि ड्रेनेज पंप अशी तीन यंत्रं एकत्र असलेली वस्तू आहे. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. प्रत्येक मिटण्यात डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर नव्याने पसरला जातो. हा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढाच जाड असतो. एवढं पातळ पाणी उघड्या हवेत किती टिकणार? मे महिन्यातल्या भंडाऱ्याच्या उन्हात तर नाहीच. म्हणून त्यावर तेलाचा आणखी पातळ थर लागतो. सिव्हिलच्या मित्रांना हायड्रॉलॉजीत शिकवतात ना, तलावातलं बाष्पीभवन कमी करण्यासाठी पाण्यावर सेटिल अल्कोहोलचा पातळ थर पसरायचा? नेमकी तीच युक्ती आपल्या डोळ्यावर जन्मापासून चालू आहे.

हे तेल तयार करणाऱ्या ग्रंथी पापणीच्या आतल्या कडक पट्टीत उभ्या ओळीने बसवलेल्या असतात. वरच्या पापणीत तीसेक किंवा थोड्या जास्त, खालच्या पापणीत त्याहून कमी. आरशात पापणीची कड नीट पाहिली तर केसांच्या मागे बारीक ठिपक्यांची रांग दिसते. ती या ग्रंथींची तोंडं. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या ‘मायबोमियन ग्रंथी’. पापणीच्या प्रत्येक केसाच्या मुळाशीही छोट्या तैलग्रंथी असतात. त्यांना एडुआर्ड झाइस या सर्जनचं नाव आहे. या झाइसची एक गंमत नंतर सांगतो.

तर, मायबोमियन ग्रंथीचं तोंड बुजलं की तेल आत साचतं, आजूबाजूला सूज येते आणि न दुखणारी गोल गाठ तयार होते. डॉक्टर तिला ‘कॅलेझियन’ म्हणतात. केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन लाल, ठणकणारी पुळी आली तर ती ‘स्टाय’. आपण मराठीत दोन्हींना रांजणवाडीच म्हणतो. दोन्ही निरुपद्रवी आहेत, लाखो लोकांना होतात आणि बऱ्या होतात. पण याच तैलग्रंथींच्या पेशींना कर्करोगही होतो. त्याचं नाव ‘सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा’, म्हणजे तैलग्रंथीचा कर्करोग. सुरुवातीला तो हुबेहूब कॅलेझियनसारखा दिसतो. तीच जागा, तसाच गोलपणा, तसंच न दुखणं. डॉक्टरांच्या पुस्तकात याला ‘बहुरूप्या’ अशा अर्थाचं विशेषण आहे आणि ते त्याला शोभतं. वरच्या पापणीत ग्रंथी जास्त असल्याने हा कर्करोगही तिथेच जास्त होतो.

आजीची गाठ बसेना, म्हणून २०२२ च्या दिवाळीनंतर बाबा तिला एका दवाखान्यात घेऊन गेले. (दवाखान्याचं नाव लिहीत नाही, लिहायचं कारणही नाही.) डॉक्टरांनी पापणी उलटवली, आतून छोटी चीर दिली, खरवडून घाण काढली. दहा मिनिटांत काम झालं. गाठ गेली. आजी खूश. २०२३ च्या होळीपर्यंत गाठ परत आली, त्याच जागी. एप्रिलमध्ये पुन्हा खरवडलं. दोन्ही वेळा जे निघालं ते कापसाच्या बोळ्याबरोबर बादलीत गेलं. आम्हीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाला माहीत होतं?

त्या वर्षी मी कॉलेजात आलो. तान्ह्या पोळ्याला घरी गेलो तेव्हा आजी नेहमीसारखी अंगणात बसून लाकडी नंदीबैलांना गोंडे बांधत होती. उन्हात तिचा चेहरा समोरून दिसला आणि काहीतरी वेगळं वाटलं. डाव्या वरच्या पापणीचे केस नाकाकडच्या बाजूने गळून गेले होते. तेवढाच भाग पिवळसर, जाडसर झालेला. डोळाही लाल. "डोरा पानी गारते," ती म्हणाली. मी म्हटलं, "आजी, माझी सेमिस्टर होऊ दे, मग नागपूरला दाखवू." ती "बरं बाबू" म्हणाली. आजही मला तिचं ते "बरं बाबू" आठवतं. शेवटी नवरात्र संपल्यावर आईने वाट पाहिली नाही. एसटीत बसवून तिला नागपूरला आणलं आणि मला होस्टेलवरून बोलावून घेतलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी गाठ पाहिलीच नाही. आधी प्रश्न विचारले. किती वेळा आली? त्याच जागी का? केस केव्हापासून गेले? आधी काढलेल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे? शेवटच्या प्रश्नावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग डॉक्टरांनी आजीच्या कानासमोर आणि जबड्याखाली बोटं फिरवून बराच वेळ चाचपलं. पापणीतला कर्करोग पसरतो तेव्हा बहुधा आधी तिथल्या लसिकाग्रंथींत जातो. पुढचा प्रश्न तर फारच विचित्र वाटला, "घरात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर होता का?" डोळ्याचा आतड्याशी काय संबंध? संबंध आहे. डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारे काही जीन्स असतात. ते बिघडलेले असले तर तैलग्रंथींच्या गाठी आणि पोटातले कर्करोग एकाच माणसात किंवा एकाच घरात दिसू शकतात. म्यूर आणि टोर या दोन डॉक्टरांनी साठच्या दशकात असे रुग्ण नोंदवले, म्हणून त्याला ‘म्यूर-टोर सिंड्रोम’ म्हणतात. पापणीच्या रुग्णांत हे थोड्यांनाच असतं. आमच्या घरात तसं कुणी नव्हतं.

मग पापणीचा छोटा तुकडा काढला, फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला आणि बाटली माझ्या हातात दिली. "पॅथॉलॉजीत नेऊन दे. वर लिहिलेलं पूस नको." अंगठ्याएवढी ती बाटली घेऊन मी दोन मजले उतरलो. आधीच्या दोन तुकड्यांसाठीही अशाच दोन बाटल्या लागल्या असत्या, बाकी काही नाही.

रिपोर्ट आठवड्याने आला. सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला, केवळ मी फार प्रश्न विचारतो म्हणून, मायक्रोस्कोपमधून दाखवलं. पेशींच्या आत फेसासारखे पोकळ बुडबुडे होते. त्या म्हणाल्या की ते बुडबुडे म्हणजे तेलाच्या जागा आहेत. स्लाइड तयार करताना तुकडा अल्कोहोल आणि झायलिनमधून काढतात, त्यात चरबी विरघळून जाते आणि मागे पोकळी राहते. तेलाचा खास रंग देऊन पाहायचं असेल तर तुकडा या रसायनांत घालण्याआधीच तशी तयारी ठेवावी लागते. म्हणून बाटलीबरोबरच्या कागदावर ‘तैलग्रंथीच्या कर्करोगाचा संशय’ असं डॉक्टरांनी लिहिणं महत्त्वाचं. नाहीतर कधी कधी रिपोर्टसुद्धा दुसऱ्याच कर्करोगाचा येतो. बहुरूप्या मायक्रोस्कोपखालीही सोंग सोडत नाही!

हा रोग ‘दुर्मिळ’ आहे असं मी जिथे तिथे वाचलं. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी पाहिल्या तर पापणीच्या शंभर कर्करोगांतले नव्वदच्या आसपास ‘बेसल सेल’ प्रकारचे असतात आणि तैलग्रंथीचे एक ते पाच. आता आपल्याकडचं पाहा. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉक्टरांनी पापणीच्या कर्करोगाच्या ५३६ भारतीय रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यात तैलग्रंथीचे ५३ टक्के, बेसल सेलचे २४ आणि स्क्वेमस सेलचे १८ टक्के निघाले. म्हणजे तिकडे शेवटच्या बाकावर असलेला इकडे पहिला!

इथे आकड्यांची एक गफलत होऊ शकते. टक्केवारी म्हणजे दर नव्हे. बेसल सेल कर्करोग मुख्यतः गोऱ्या कातडीला उन्हामुळे होतो. आपल्या सावळ्या कातडीत तो कमी होतो, त्यामुळे छेद लहान होतो आणि तैलग्रंथीचा टक्का वर जातो. शिवाय मोठ्या संस्थेत अवघड रुग्णच जास्त पोहोचतात. तेव्हा ‘भारतीयांना हा रोग पन्नासपट होतो’ असा अर्थ कृपया काढू नका. एकूण लोकसंख्येत हा रोग आपल्याकडेही विरळाच आहे. पण आपल्याकडच्या माणसाच्या पापणीवरची गाठ कर्करोगाची निघाली, तर ती या जातीची असण्याची शक्यता खूप मोठी आहे. तिकडच्या पुस्तकात चार ओळींत आटोपलेला रोग इथे पहिल्यांदा आठवायला हवा.

गाठ लहान होती, मग सरळ कापून टाकायची, एवढी धावपळ कशाला, असं बाबांना वाटलं. मलाही वाटलं. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. जुन्या लोखंडी फाटकावर रंगाचा एक फुगवटा दिसतो. तुम्ही तेवढाच खरवडता. पण गंज रंगाच्या खालून हातभर लांब गेलेला असतो, वर रंग शाबूत. हा कर्करोग पापणीच्या आतल्या बाजूच्या नाजूक पातळ आवरणातून असाच सरपटत जातो, मधली जागा सोडून पुढे दुसरीकडेही उगवतो. त्यामुळेच कित्येक रुग्णांत गाठ नसतेच. फक्त एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो आणि डोळे आल्याची औषधं चालू राहतात. डोळे येतात ते बहुधा दोन्ही, आणि जातातही.

म्हणून आजीच्या डोळ्याच्या आवरणाचे नऊ ठिकाणचे नऊ बारीक तुकडे घेतले. नऊ बाटल्या, प्रत्येकीवर जागेचा नंबर, आणि कागदावर डोळ्याचा नकाशा. याला ‘मॅप बायॉप्सी’ म्हणतात. दोन जागा खराब निघाल्या. ऑपरेशनमध्ये गाठीभोवतीची चार-पाच मिलिमीटर चांगली दिसणारी जागाही काढली आणि कडा तिथल्या तिथे गोठवून तपासल्या. कड स्वच्छ असल्याचा निरोप येईपर्यंत सर्जन थांबून राहतात. वर्कशॉपमध्ये आपण टॉलरन्सवरून सरांशी हुज्जत घालतो. इथे चार मिलिमीटरची पापणी आणि त्यामागे डोळा!

आजीची वरची पापणी अर्ध्याहून जास्त गेली. नाकाकडचा भाग गेल्याने तिथला अश्रूंचा वरचा मार्गही गेला. तो काय प्रकार आहे ते सांगतो. दोन्ही पापण्यांच्या आतल्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं एकेक छिद्र असतं. अश्रू तिथून बारीक नळीत, तिथून नाकाच्या बाजूच्या अश्रुपिशवीत आणि पुढे नाकात उतरतात. रडताना नाक वाहतं ते यामुळे. पापणी मिटली की नळ्या आणि पिशवी दाबल्या जातात आणि पंप चालतो. वरची नळी गेली तरी खालच्या नळीवर बऱ्याच जणांचं भागतं.

या ड्रेनेजच्या वाटेवरही कर्करोग होतात आणि ते तर फारच विरळ. बहुतेक पिशवीच्या अस्तरातून उठतात, ग्रंथींच्या पेशींतून उठणारे त्यातही थोडे. त्यांचंही सोंग असंच साधं, सततचं पाणी आणि नाकाजवळची सूज. अश्रुपिशवीत पू होणं आपल्याकडे खूप आढळतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. नागपूरच्या त्याच बाकड्यावर गोंदियाकडचे एक काका भेटले होते. दोन वर्षं डोळ्यातून पाणी, पुढे पाण्यात रक्ताची छटा. ते म्हणाले, "पाण्याचं कोणी मनावर घेत नाही बाबू, म्हाताऱ्याचा डोळा गळतोच." डॉक्टर अशा वेळी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकाकडे जाणारा आडवा बंध पाहतात. साध्या पुवाची सूज बहुधा या बंधाच्या खाली फुगते. कडक गाठ बंधाच्या वर चढलेली असेल, किंवा अश्रूंत रक्त असेल, तर आधी सीटी स्कॅन करायचा. नेहमीचं ऑपरेशन, पिशवीतून नाकात नवी वाट काढण्याचं, टोटी नावाच्या इटालियन सर्जनने १९०४ मध्ये सांगितलं आणि पाण्यासाठी ते उत्तम आहे. पण पिशवीत गाठ असताना ते केलं तर गाठीलाच नाकात जायला वाट करून दिल्यासारखं होतं.

आमच्या भागात मोतीबिंदूची शिबिरं खूप होतात आणि त्यांनी हजारो म्हाताऱ्यांना दृष्टी दिली आहे, त्याबद्दल वादच नाही. मोतीबिंदू काढण्याआधी तिथे अश्रूंच्या वाटेत पाणी सोडून पाहतात. घशात खारट लागलं म्हणजे वाट मोकळी. माझ्या अडाणी मताने, त्याच वेळी टॉर्च अर्धा मिनिट पापणीच्या कडेवर आणि नाकाच्या कोपऱ्यावरही फिरवायला हरकत नसावी.

आता नवी पापणी. आजीच्या खालच्या पापणीचा भाग, कड शाबूत ठेवून, तिच्याखालून वर ओढून वरच्या जागी शिवला. कटलर आणि बिअर्ड या दोघांनी १९५५ मध्ये सांगितलेली ही पद्धत आहे. ओढून आणलेल्या भागाचं मूळ लगेच तोडत नाहीत. नव्या जागी रक्तपुरवठा जुळेपर्यंत जुनी रक्तवाट चालू ठेवायची, मग तोडायची. ही कल्पना आपल्याला नवी नाही. १७९३ च्या सुमाराला पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातड्याने याच तत्त्वावर नवं केलं गेलं आणि त्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. आणि हो, झाइसची राहिलेली गंमत! ज्याच्या नावाची ग्रंथी पापणीच्या केसाशी आहे, त्याच माणसाने १८३८ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘प्लॅस्टिक सर्जरी’ हे शब्द असलेलं नाव दिलं आणि हे नाव रूढ झालं.

सात आठवडे आजीचा डावा डोळा शिवून बंद होता. घरी ती सुपात तांदूळ घेऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "एका डोऱ्यानं खडे जास्त दिसतेत." रात्री मात्र उशीशेजारी टॉर्च घेऊन झोपायची, हे मला आईने नंतर सांगितलं. कागदपत्रांची धावपळ बाबांनी केली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं म्हणून शेत गहाण टाकायची वेळ आली नाही.

२०२४ च्या जानेवारीत डोळा उघडला. त्या दोन खराब जागांसाठी पुढे मायटोमायसिनचे थेंब चालले. डोळा इतका झोंबायचा की थेंबांची वेळ झाली की ती गोठ्यात जाऊन बसायची. नव्या पापणीला केस नाहीत आणि तेलाच्या ग्रंथीही नाहीत. म्हणजे ज्या ग्रंथीने हा सगळा प्रकार घडवला, तिचं काम आता बाटलीतले कृत्रिम अश्रू आणि रात्रीचं मलम करतं. वारा सुटला की डोळा गळतो. सुईत दोरा अजून ओवते, पण पहिल्या झटक्यात नाही.

तुम्ही घरी गेलात की काय पाहायचं? चाळिशीच्या पुढच्या माणसाची रांजणवाडी त्याच जागी दुसऱ्यांदा आली, किंवा गाठीजवळचे केस गळाले, कड पिवळसर जाड झाली, एकच डोळा औषध घालूनही महिनाभर लाल राहिला, तर पापणीच्या तज्ज्ञाला दाखवा. गाठ काढलीच तर काढलेलं बाटलीत टाकून तपासायला पाठवा, असं आपणच म्हणायचं. यात डॉक्टरांचा अपमान नाही. रिपोर्ट आला की स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्यायचा. दुसऱ्या गावी दुसरं मत घ्यायचं तर पुन्हा तुकडा काढावा लागत नाही, त्याच ब्लॉकमधून नवी चकती कापता येते. बहुतेक गाठी साध्याच निघतील. निघू देत!

आजीला पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी बोलावलं, आता सहा महिन्यांनी. प्रत्येक वेळी डॉक्टर पापणी पाहण्याआधी कानासमोर चाचपतात आणि तेवढा वेळ आम्ही कुणी बोलत नाही. हा रोग काही वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत असं बजावलेलं आहे. पुढची तारीख आमच्या सेमिस्टरच्या पेपरांच्या मधल्या सुट्टीत येते, मी जाणार आहे. ब्लॉक आणि स्लाइडची डबी आजीने आपल्या पेटीत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. नागपूरला निघायच्या आदल्या रात्री ती डबी काढून पदराने पुसते आणि माझ्या बॅगेत स्वतः ठेवते.